गाडीचा बॉल जॉइंट: तपासणी, निगा आणि बदल

पुढच्या चाकाकडून खडखड ऐकू आली की बहुतेकांचा पहिला संशय शॉकअप्सवर जातो. माझाही गेला होता. मग स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांडीच्या) लिंक बदलल्या, आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या हातांचे) रबरी बुश बदलले, तरी आवाज जिथल्या तिथे. बॉल जॉइंट मी आधीच निर्दोष ठरवून टाकला होता, कारण गाडी जॅकवर घेऊन चाक दोन्ही हातांनी हलवून पाहिलं होतं आणि ते अगदी घट्ट वाटलं होतं. हलवण्यात काही चुकलं नव्हतं, जॅक चुकीच्या जागी लावला होता. झिजलेला बॉल जॉइंट स्प्रिंगच्या दाबाखाली असला की सगळा ढिलेपणा पोटात दडवून बसतो. भार उतरवा, मग तो बोलायला लागतो. त्यामुळे पाना हातात घेण्याआधी आपल्या गाडीत भार कुठून कुठे जातो हे समजून घेऊ.

हा सांधा आहे तरी काय

शाळेत आपण उखळीचा सांधा शिकलो होतो. खांद्यात आणि खुब्यात एका हाडाचा गोल माथा दुसऱ्याच्या खळग्यात बसतो आणि हवा तसा फिरतो. बॉल जॉइंट हा गाडीचा उखळीचा सांधा. गुळगुळीत पोलादी गोळा, त्याला जोडलेला दांडा म्हणजे स्टड, गोळ्याभोवती धातूची वाटी, वाटी आणि गोळा यांच्यामध्ये बहुतेक आधुनिक जॉइंटमध्ये कठीण प्लास्टिकचं अस्तर, थोडं ग्रीस, आणि हे सगळं झाकणारा रबरी बूट. वाटीची बाजू सस्पेन्शनच्या आर्मला असते आणि स्टड स्टीअरिंग नकलमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या आणि स्टीअरिंगबरोबर वळणाऱ्या भागात बसतो. काही गाड्यांत याच्या उलट रचना असते. चाकाला खड्ड्यावर वरखाली व्हायचं असतं आणि त्याच वेळी स्टीअरिंगबरोबर डावीउजवीकडे वळायचंही असतं. ही दोन्ही कामं एकाच ठिकाणी करून देणारी ही वस्तू आहे. पूर्वी वळण्याचं काम किंगपिन नावाची उभी खीळ करायची, आणि सरळ अ‍ॅक्सलच्या ट्रकमध्ये ती आजही दिसते.

टाय रॉड एंड (स्टीअरिंगच्या दांडीचं चाकाकडचं टोक) आणि स्टॅबिलायझर लिंकची टोकं हीसुद्धा जातीने बॉल जॉइंटच. पण त्यांना चाक जागेवर धरून ठेवायचं नसतं. सस्पेन्शनचा बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवं पडतं, गाडी त्या कोपऱ्यावर बसते आणि स्टीअरिंगला काही अर्थ उरत नाही. म्हणून याच्या बाबतीत ‘चालतंय तोवर चालवू’ हा हिशेब करू नये.

भार कोणावर आहे

मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात) असलेल्या गाडीत प्रत्येक पुढच्या चाकाला एकच बॉल जॉइंट असतो, खालच्या आर्मच्या टोकाला. गाडीचं वजन स्ट्रटच्या वरच्या माउंटमधून स्प्रिंगमध्ये आणि तिथून नकलमध्ये जातं. बॉल जॉइंट वजन वाहत नाही, तो चाकाला फक्त बाजूने आणि मागेपुढे सावरतो. ब्रेक, वळण, खड्डा यांचे धक्के मात्र तो खातो.

डबल विशबोनमध्ये वरचा आणि खालचा असे दोन आर्म आणि दोन बॉल जॉइंट. इथे स्प्रिंग किंवा टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी) ज्या आर्मवर टेकतो, त्या आर्मचा जॉइंट वजन वाहतो. बऱ्याच गाड्यांत स्प्रिंग खालच्या आर्मवर असते, म्हणून खालचा जॉइंट आधी झिजतो. काही जुन्या गाड्यांत ती वरच्या आर्मवर असते, तिथे उलट. चाक काढून, टॉर्च घेऊन स्प्रिंगचं खालचं टोक कशावर बसलंय ते एकदा पाहिलं की प्रश्न मिटतो.

आता जॅक कुठे लावायचा ते यावरून आपोआप ठरतं.

मॅकफर्सन असेल तर गाडी चेसिसच्या ठरलेल्या जागेवरून उचला आणि चाक लोंबकळू द्या. स्ट्रट पूर्ण लांब झाला की स्प्रिंगचा जोर स्ट्रटच्या आतच अडतो, जॉइंटवर येत नाही. पण एकच चाक उचललं तर स्टॅबिलायझर बार त्या बाजूच्या आर्मला ओढून धरतो आणि जॉइंटवर ताण राहतो. म्हणून पुढची दोन्ही चाकं एकदम उचलावीत.

स्प्रिंग खालच्या आर्मवर असेल तर जॅक त्याच आर्मखाली, बॉल जॉइंटच्या शक्य तितक्या जवळ लावा. चेसिसवरून उचललं तर स्प्रिंग आर्मला खाली रेटत राहते, तो रेटा जॉइंटमध्ये उतरतो आणि गोळा वाटीत दाबून बसतो. माझी चूक नेमकी हीच होती.

स्प्रिंग वरच्या आर्मवर असेल तर चेसिसवरून उचला, पण त्याआधी वरचा आर्म आणि चेसिस यांच्यामध्ये लाकडी ठोकळा सरकवून ठेवा. गाडी वर गेल्यावर आर्म त्या ठोकळ्यावर टेकतो आणि स्प्रिंगचा जोर अडकून राहतो.

लक्षणं, आणि त्यांतली फसवी कोणती

लहान खड्ड्यांवर कमी वेगात येणारी कोरडी खटखट, पार्किंगमध्ये स्टीअरिंग फिरवताना येणारी करकर, सरळ रस्त्यावर गाडीचं इकडेतिकडे भरकटणं, टायरची एकच कड खाल्ली जाणं, वळण घेतल्यावर स्टीअरिंग आपोआप सरळ न होणं. ही सगळी बॉल जॉइंटची लक्षणं असू शकतात. त्यांतलं एकही फक्त त्याचंच नसतं.

आवाजावरून अंदाज बांधायचा तर माझा ठोकताळा असा. बारीक खडबडीत रस्त्यावर सतत कडकड असेल तर आधी स्टॅबिलायझर लिंक पाहावी. गाडी उभी असताना स्टीअरिंग फिरवल्यावर वरून, बॉनेटच्या बाजूने ‘टंग’ असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज आला तर स्ट्रट माउंट. ब्रेक मारताना किंवा गाडी जागेवरून वेग घेताना एकदाच ‘धब्’ झालं तर आर्मचे बुश. बॉल जॉइंटचा आवाज बहुधा धातूवर धातू आपटल्यासारखा असतो, आणि कोरड्या पडलेल्या जॉइंटचा गंजलेल्या बिजागरीसारखा. शिवाय आवाज उशिरा येतो. तो आला म्हणजे झीज बरीच पुढे गेली, असंच धरून चालावं.

सर्वांत आधीची खूण डोळ्यांना दिसते, ती म्हणजे फाटलेला बूट. बॉल जॉइंट वयापेक्षा घाणीने जास्त मरतात. बुटाला चीर पडली की ग्रीस बाहेर येतं, पाणी आणि धूळ आत जाते आणि ही धूळ उरलेल्या ग्रीसमध्ये मिसळून पॉलिश पेपरचं काम करते. पाण्याने गोळ्यावर गंज धरला की तो खरखरीत गोळा अस्तर कापत जातो. त्यामुळे ज्या दिवशी फाटलेला बूट दिसला, त्या दिवसापासून तो जॉइंट उधारीवर चालतोय असं समजावं.

तपासणी, क्रमाने

सपाट, कठीण जमीन निवडा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांपुढे आणि मागे ठोकळे लावा. जॅकने गाडी उचलायची असते, धरून ठेवायला जॅक स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

गाडी जमिनीवर असतानाच पहिली चाचणी करा. इंजिन बंद ठेवून कोणालातरी स्टीअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही बोटं बॉल जॉइंटच्या वाटीवर टेकवा. ढिल्या जॉइंटची टिकटिक बोटांना कळते, कानाला नाही कळली तरी. काही जॉइंटमध्ये झीज दाखवणारी खूण कारखान्यातच दिलेली असते. तळाच्या झाकणातून ग्रीस निपलचा (ग्रीस भरायच्या तोंडाचा) गोल उंचवटा बाहेर डोकावत असतो, अनेक नमुन्यांत नवा असताना साधारण १.२७ मिमी. झिजत गेला की तो आत ओढला जातो. झाकणाच्या बरोबरीला आला किंवा आत गेला की जॉइंट संपला. ही खूण गाडीचं वजन चाकांवर असतानाच पाहायची, जॅकवर नाही. नखाने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या पात्याने झाकणावरून ओरखडून पाहिलं की उंचवटा लागतो की नाही ते समजतं.

मग वर सांगितल्याप्रमाणे योग्य जागी जॅक लावून चाक जमिनीपासून थोडं वर घ्या आणि स्टँड लावा. घड्याळाच्या १२ आणि ६च्या जागी चाक धरून आत-बाहेर हलवा. ढिलेपणा जाणवला तर तो बॉल जॉइंटचा असेल किंवा चाकाच्या बेअरिंगचा. दोन्ही वेगळे करायची युक्ती सोपी आहे. कोणालातरी ब्रेकचं पेडल दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक लागला की हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि नकल एकमेकांना बांधले जातात. ढिलेपणा गेला तर दोष बेअरिंगचा, राहिला तर जॉइंटचा. ३ आणि ९च्या जागी हलवून ढिलेपणा आला तर आधी टाय रॉड एंड आणि स्टीअरिंगकडे पाहा.

आता पहार. टायरखाली लांब पहार घालून चाक हलक्या हाताने वर उचला आणि सोडा, आणि दुसऱ्याला जॉइंटकडे पाहायला सांगा. वाटी आणि नकल यांच्यातलं अंतर कमीजास्त होताना दिसलं तर उभा ढिलेपणा आहे. जोर बेताचाच हवा. ताकद लावली तर आर्म आणि रबरी बुश दबतात आणि चांगला जॉइंटही हलल्यासारखा भासतो. पहारीचं टोक बुटाला लागू देऊ नका. तपासताना बूट फाडून ठेवणारे लोक कमी नाहीत.

किती ढिलेपणा चालतो? बऱ्याच आधुनिक गाड्यांचे उत्पादक हाताला जाणवेल इतकाही चालवून घेत नाहीत. वजन वाहणाऱ्या काही जुन्या जॉइंटना थोडी मोकळीक दिलेली असते, ती त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते आणि डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं उपकरण) लावून मोजतात. गेज नसेल आणि डोळ्याला हालचाल दिसत असेल, तर मी तरी वाद घालत बसत नाही.

निगा

बॉल जॉइंट दोन प्रकारचे. ग्रीस निपल असलेला आणि कायमचा सीलबंद. निपल असलेल्यात ग्रीस भरता येतं, आणि तेवढ्यासाठी तो मला जास्त आवडतो. निपल कापडाने नीट पुसा, नाहीतर तोंडावरची माती ग्रीसबरोबर आत ढकलली जाईल. चेसिससाठीचं लिथियमवर आधारलेलं, एनएलजीआय २ दर्जाचं (हा घट्टपणाचा क्रमांक) ग्रीस बहुतेक ठिकाणी चालतं, पण मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर तेच वापरा. ग्रीस गन हळू दाबा. बूट किंचित फुगला, किंवा जुनं काळं ग्रीस कडेने बाहेर येऊ लागलं की थांबा. हँडगनचा दाबही बूट फाडायला पुरेसा असतो. बाहेर आलेलं ग्रीस पुसून टाका, ते धूळ धरून ठेवतं. पुसताना त्याचा रंगही पाहून घ्या. तांबूस दिसलं तर आत गंज आहे, पांढुरकं दुधाळ दिसलं तर पाणी.

सीलबंद जॉइंटच्या बुटात सुईने ग्रीस टोचून करकर घालवता येते, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. करकर जाते, हे खरं. काही दिवस. पण झीज तशीच राहते, बुटाला भोक मात्र नवं पडतं. विकायच्या गाडीवर ही युक्ती केलेली असण्याचीही शक्यता असते, म्हणून वापरलेली गाडी घेताना बुटावर सुईचं छिद्र किंवा ग्रीसचा बारीक ठिपका दिसतो का ते जरूर पाहा.

गाडीचा खालचा भाग डिझेलने धुऊ नये. पेट्रोलियम पदार्थांनी बरीच रबरं फुगतात, मऊ होतात आणि मग चिरतात. प्रेशर वॉशरची धार थेट बुटाच्या कडेवर मारली तर पाणी आत शिरतं. आणखी एक, चाकं फिरवून लावताना किंवा ब्रेक पॅड बदलताना चाक निघालेलंच असतं, तेव्हा टॉर्च मारून बूट पाहायला अर्धं मिनिट लागतं. निगेचा मोठा भाग त्या अर्ध्या मिनिटात होतो.

बदलायचं ठरलं तर

आधी जॉइंट आर्मला कसा बसवलाय ते पाहा, त्यावर सगळा बेत अवलंबून आहे. बोल्टने बसवलेला असेल तर काम सोपं. रिव्हेट असतील तर त्यांची डोकी ड्रिल किंवा ग्राइंडरने काढावी लागतात आणि नवा जॉइंट त्याच्याबरोबर आलेल्या बोल्टांनी बसतो. दाबून बसवलेला असेल तर प्रेस लागते. अनेक नव्या गाड्यांत जॉइंट आर्मचाच भाग असतो, तिथे सगळा आर्म बदलायचा. तसा तो सुटा मिळत असला आणि आर्मचे बुशही म्हातारे झाले असले, तर मी आर्मच बदलतो. एकदाच खोलाखोल होते.

स्प्रिंग किंवा टॉर्शन बार आर्मवर टेकलेला असेल आणि हे काम तुम्ही कधी केलेलं नसेल, तर इथे थांबा आणि अनुभवी माणसाकडे द्या. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो किंवा जिवाला मुकतो. ज्यांना करायचंच आहे त्यांनी आर्मखालचा जॅक काम संपेपर्यंत काढू नये. मॅकफर्सनमध्ये हा धोका बराच कमी असतो, आणि पुढचं वर्णन मुख्यतः त्याचंच आहे.

आदल्या रात्री सगळ्या नटबोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग गाडी उचला, स्टँड लावा, चाक काढा. डोळ्यांवर चष्मा हवाच. एबीएस सेन्सरची वायर आणि ब्रेकचा होज कुठून जातो ते पाहून घ्या, ओढाताणीत पहिला बळी त्यांचा जातो.

स्टड नकलमध्ये दोन तऱ्हांनी धरलेला असतो. एका तऱ्हेत स्टड निमुळता असतो आणि वर खाचा असलेला कॅसल नट आणि तो फिरू न देणारी कॉटर पिन, किंवा नायलॉन घातलेला नट. पिन काढा, नट सैल करा, पण पूर्ण काढू नका. दोनतीन आटे राहू द्या, म्हणजे स्टड सुटला की आर्म झटक्यात खाली आदळत नाही. निमुळता स्टड जागेवर चिकटून बसलेला असतो. तो सोडवायला बॉल जॉइंट पुलर सर्वांत चांगला. नसेल तर नकलच्या ज्या डोळ्यात स्टड बसतो त्याच्या बाजूवर हातोड्याचे दोनतीन ठाम घाव घाला. धक्क्याने पकड सुटते. स्टडच्या टोकावर हातोडा मारू नका, आटे चेपतील आणि तो अजून घट्ट बसेल. दोन पायांची चिमट्यासारखी पाचर लवकर काम करते, पण बूट फाडते. जॉइंट फेकायचाच असेल तर हरकत नाही.

दुसऱ्या तऱ्हेत स्टड सरळ असतो, त्याला आडवी खाच असते आणि नकलमधला एक पिंच बोल्ट त्या खाचेतून आरपार गेलेला असतो. हा बोल्ट सैल करून भागत नाही, पूर्ण काढावाच लागतो. मगच आर्म खाली दाबून स्टड बाहेर येतो. नकलची फट उघडायला छिन्नी ठोकू नका, ती किंचितच उघडायची असते. फार फाकवली तर नकल तडकतो.

आर्म सुटल्यावर नकल बाहेरच्या बाजूला ओढू नका. पुढच्या चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत ड्राइव्ह शाफ्टचा आतला सांधा निसटू शकतो. नकल दोरीने बांधून ठेवा आणि कॅलिपर (ब्रेक पॅड धरणारा भाग) काढला असेल तर त्याला होजवर लटकवू नका.

दाबून बसवलेला जॉइंट काढताना आधी सर्कलिप (जॉइंट अडकवून ठेवणारी स्प्रिंगची कडी) काढा, मग सी आकाराची प्रेस लावून जुना बाहेर ढकला. आर्मचं छिद्र वायर ब्रशने साफ करा. नवा जॉइंट सरळ धरा आणि दाब त्याच्या बाहेरच्या धातूच्या कडेवरच येईल अशी प्रेसची वाटी निवडा. स्टडवर किंवा मधल्या झाकणावर दाब आला तर नवा जॉइंट बसायच्या आधीच बाद होतो. आणि तो हाताने सहज आत गेला, तर खूश होऊ नका. आर्मचं छिद्र मोठं झालंय, आर्म बदला.

स्टड नकलमध्ये घालताना निमुळता भाग आणि त्याचं छिद्र कोरडं आणि स्वच्छ हवं. तिथे ग्रीस लावायचं नाही, पकड घर्षणाचीच असते. स्टड आत घालून हलवून पाहा. डुलत असेल तर छिद्र झिजलंय आणि नकलही बदलावा लागेल. नट आवळताना स्टडच गोल फिरायला लागला तर आर्मखाली जॅक लावून हलका वर दाब द्या, निमुळता भाग घट्ट बसतो. काही स्टडच्या टोकाला धरायला षट्कोनी खोबण असते.

टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, मॅन्युअलमधलाच. कॅसल नट ठरलेल्या टॉर्कला आवळल्यावर पिनचं भोक जुळलं नाही, तर नट अजून थोडा आवळून जुळवायचं. मागे फिरवून कधीही नाही. कॉटर पिन नवी, नायलॉनचा नट नवा, आणि पिंच बोल्टही मी नवाच घालतो.

पूर्ण आर्म बदलला असेल तर एक गोष्ट हमखास विसरली जाते. आर्मच्या बुशचे बोल्ट चाक लोंबकळत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. आधी हलके लावा, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या, मग टॉर्क द्या. नाहीतर गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि काही महिन्यांत बुश फाटतो.

दोन्ही बाजू एकदम बदलाव्यात का? सक्ती नाही. पण दोघांनी सारखेच रस्ते खाल्लेले असतात, त्यामुळे दुसऱ्या बाजूची तपासणी त्याच दिवशी काटेकोरपणे करा आणि शंका असेल तर बदला.

चाक बसवून नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि गाडी जमिनीवर आल्यावर टॉर्क रेंच लावा. पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, कमी वेगात, खिडक्या उघड्या ठेवून. मग व्हील अलाइनमेंट, कारण जॉइंट किंवा आर्म बदलल्यावर टो आणि कॅम्बर (चाकांचे कोन) पूर्वीसारखे राहतीलच असं नाही. शंभरेक किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट पुन्हा तपासा आणि त्याच वेळी खाली वाकून नव्या बुटाभोवती ग्रीसचा ओलावा आहे का ते पाहा. असेल तर बूट बसवताना कुठेतरी चिमटला आहे, आणि तो जॉइंट त्याच आठवड्यात पुन्हा खोलावा लागणार.